जोत्याखालचे बीळ आणि परळची झोपडी

घरात उंदीर मरून पडू लागले, की चूल विझवायची, गुरेढोरे सोडायची आणि शेतात खोप घालून राहायचे, ही हकिकत पुष्कळ घरांत आजोबा-पणजोबांच्या तोंडून ऐकलेली असते. प्लेगच्या त्या दिवसांत भारतात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. हा रोग घराच्या जमिनीखालून कसा वर येतो, याचा उलगडा मुंबईत परळला झाला. तो आजही प्रत्येक शेतकरी घराने ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी पहिले रोगी ओळखले. तेथे धान्याची गुदामे, दाट वस्ती आणि उंदरांचा सुळसुळाट होता. रोगाचे विष ओलसर जमिनीतच असते, अशी तेव्हा पुष्कळांची समजूत होती. म्हणून सरकारी माणसे घरांत शिरून मातीच्या जमिनी उकरीत, भिंतींना चुना फाशीत, उजेड पडावा म्हणून कौले काढीत. गटारांतून औषधी पाणी सोडले जाई. लोकांना जाच झाला, पण साथ हटली नाही. बिळे उकरली की उंदीर शेजारच्या घरात जाई आणि रोगही त्याच्याबरोबर जाई.

१८९८ साली कराचीत सिमोंद या फ्रेंच डॉक्टरांनी उंदराच्या पिसवांवर बोट ठेवले. ते पटायला वेळ लागला. १८९९ मध्ये हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा परळच्या जुन्या सरकारी वाड्यात आली होती. तीच आजची हाफकिन संस्था. १९०५ पासून तेथे प्लेगच्या चौकशीचे मोठे काम झाले. लहान लहान झोपड्या बांधून त्यांत गिनीपिग सोडण्यात आले. पिसवा असलेल्या झोपडीत निरोगी प्राणी आजारी पडले. पिसवा नसतील तेथे रोगी प्राण्याशेजारी राहूनही ते वाचले. जमिनीपासून दोन फूट उंच टांगलेल्या पिंजऱ्यातले प्राणीही वाचले, कारण पिसूची उडी तेवढी पोहोचत नाही.

परळ, वरळी, शीव, वडाळा यांची गणना तेव्हा खेड्यांत होई. तेथील घरेही या मंडळींनी पाहिली. मुंबईत आधी गटारातले मोठे उंदीर मरत, मग घरातले काळे उंदीर आणि त्यानंतर माणसे आजारी पडत. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या उपाशी पिसवा माणसाकडे वळतात.

हे सारे जुने झाले असे समजू नये. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी प्लेगचे रोगी आढळले. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भीतीने लोक घराबाहेर राहत होते. आत धान्य तसेच होते, उंदरांना रान मोकळे मिळाले. प्लेगवर आज औषधे आहेत, पण ती वेळेवर मिळायला हवीत. उंदराच्या लघवीतून पसरणारा लेप्टो ताप तर दर पावसाळ्यात डोके वर काढतो. २००५ च्या महापुरानंतर मुंबईने तो भोगला, आणि भातखाचरात अनवाणी राबणाऱ्यालाही त्याची भीती असते.

तेव्हा पावसाळ्याआधी जोत्याभोवती एक फेरी मारावी. भिंतीला लागून रचलेले सरपण, गोवऱ्या, कडबा दूर हलवावा. बिळाची सगळी तोंडे शोधावीत. एकच बुजवले तर उंदीर दुसऱ्याने ये-जा करतो. बिळात खडी व काचेचे तुकडे ठासून वर सिमेंट लिंपावे. नुसता शेणमातीचा गोळा रात्रीत उकरला जातो. कणगी व पोती फळीवर किंवा विटांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत. पाणी जोत्यापासून बाहेर वाहील असा उतार द्यावा. लहान मुलांना जमिनीवर न निजवता बाजेवर निजवावे.

मात्र विष न घालता घरात उंदीर पटापट मरू लागले, तर बिळे उकरू नयेत, मेलेल्या उंदराला हात लावू नये आणि मुलांना तेथून दूर ठेवावे. लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवावे. अशा वेळी आधी पिसवा मारायच्या असतात, उंदीर नंतर. कुणाला ताप येऊन जांघेत किंवा काखेत गाठ आली, तर घरगुती उपायांत दिवस न घालवता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.