मग आजी कुठे गेली?
(ख्रिस्ती धर्माविषयीच्या काही शंका आणि त्या आधी विचारून गेलेली आपली माणसं)



गेल्या वर्षीपासून माझ्या मुलीच्या मैत्रिणी दर आठवड्याला चर्चमध्ये जायला लागल्या. कोनफिर्मात्सिओनची तयारी. ज्यांची मुलं अजून लहान आहेत त्यांच्यासाठी सांगते: इथल्या प्रोटेस्टंट घरांत मूल साधारण चौदा वर्षांचं झालं की बाळपणी झालेला बाप्तिस्मा ते स्वतःच्या तोंडाने पक्का करतं. बाप्तिस्मा न झालेली मुलंसुद्धा या वर्गांना बसू शकतात, आणि जर्मन कायद्याने चौदाव्या वर्षी मुलाला आपला धर्म आपणच ठरवायचा अधिकार मिळतो. आमची शाळेत रिलिजनऐवजी एथिकच्या तासाला बसते, पण मैत्रिणींबरोबर ती एकदोनदा तिकडे जाऊन आली.

परत आली ती गप्प गप्प. हुगेनॉटनप्लाट्झवर बसची वाट बघत होतो, तिथे एकदम म्हणाली, "आई, एक मुलगा म्हणाला की येशूवर विश्वास ठेवला नाही तर तारण नाही. मग आजी कुठे गेली?"

माझ्या सासूबाई दोन वर्षांपूर्वी साताऱ्याला गेल्या. आयुष्यभर एकादशी, तुळशीला पाणी, दारात आलेल्याला जेवण. येशूचं नाव त्यांनी फार तर नाताळच्या केकबरोबर ऐकलं असेल. मला उत्तर सुचलं नाही. "असं काही नसतं गं" एवढंच म्हणाले, आणि तेवढ्याने तिचं समाधान झालं नाही हे तोंडावर दिसत होतं.

आम्ही ख्रिस्ती नाही आणि हा लेख कुणी व्हावं किंवा होऊ नये म्हणून लिहिलेला नाही. पण या देशात राहायचं, मुलं या शाळांत जाणार, तर "ते त्यांचं, आपलं आपल्याजवळ" म्हणून किती दिवस भागणार? म्हणून थोडं वाचलं. आणि गंमत म्हणजे माझ्या मुलीचा प्रश्न एका कोकणस्थ पंडिताने पावणेदोनशे वर्षांपूर्वीच विचारून ठेवलेला सापडला!

नीळकंठशास्त्री गोरे, जन्म १८२५. घराणं चित्पावन, वाढले काशीत. त्याआधी १८३९ साली जॉन म्यूर नावाच्या कंपनी सरकारच्या स्कॉटिश अधिकाऱ्याने संस्कृतात 'मतपरीक्षा' नावाचं पुस्तक लिहिलं होतं, ख्रिस्ती धर्म हाच खरा असं सांगणारं. त्याला तीन पंडितांनी संस्कृतातच उत्तरं दिली. पहिलं 'सोमनाथ' या नावाने आलं. हे सोमनाथ म्हणजे सिहोरचे सुबाजी बापू असं मानतात, म्हणजे तेही आपलेच. दुसरे कलकत्त्याचे हरचंद्र तर्कपंचानन. तिसरे आपले गोरे, वय वीसच्या आतबाहेर. त्यांच्या ग्रंथाचं नाव 'शास्त्रतत्त्वविनिर्णय'.

त्यातले आक्षेप आजही जसेच्या तसे ऐकू येतात. देव सगळ्यांचा बाप असेल तर तारणाचा मार्ग त्याने इतक्या उशिरा आणि एकाच कोपऱ्यातल्या लोकांना का सांगितला? ज्यांच्या कानावर तो गेलाच नाही त्यांचा काय दोष? चार दिवसांच्या पापाला अनंतकाळची शिक्षा हा कुठला न्याय? आणि जन्म एकच असेल तर एक मूल आंधळं जन्मतं नि दुसरं धडधाकट, हे कसं? बैलाला आयुष्यभर चाबूक का? आमच्याकडे निदान पूर्वकर्माचं उत्तर तरी आहे, तुमच्याकडे काय?

आणि हेच गोरे १८४८ साली जौनपूरला बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाले. काशीत विल्यम स्मिथ नावाच्या मिशनऱ्याशी त्यांचा बराच काळ वाद चालला होता. चुका काढायला म्हणून वाचायला घेतलेल्या बायबलातलं येशूचं डोंगरावरचं प्रवचन त्यांच्या मनातून जाईना. घरच्यांवर काय आकाश कोसळलं असेल याची कल्पना आपण करू शकतो.

मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. बाप्तिस्मा झाला म्हणून शंका संपल्या नाहीत. गोऱ्यांना त्या जन्मभर छळत राहिल्या. १८६८ साली त्यांनी अनंत शिक्षेवरच्या आक्षेपांना उत्तर देणारी पुस्तिका लिहिली, म्हणजे ऐन विशीतल्या स्वतःलाच उत्तर. हिंदू दर्शनांवर टीका करणारं 'षड्दर्शन दर्पण' लिहिणारा हा माणूस स्वतःच्या नव्या धर्मालाही तितक्याच कडक नजरेने बघत होता. १८५४ साली महाराजा दुलीपसिंगांबरोबर ते इंग्लंडला गेले. तिथे ऑक्सफर्डला आपले मॅक्स म्युलर त्यांना भेटले (मूळचे देसाऊचे, इथल्या लोकांना अभिमानाने सांगावं!). म्युलरसाहेबांनी म्हातारपणी आपल्या भारतीय मित्रांच्या आठवणी लिहिल्या, त्यात गोरेही आहेत. लंडनमध्ये जे पाहिलं त्याने हा तरुण पार हादरला होता. शुभवर्तमानात वाचलेलं आणि रस्त्यावर दिसणारं यांचा मेळ बसेना. हाच ख्रिस्ती धर्म असेल तर आपलं घरी गेलेलं बरं, अशी त्याची अवस्था झाली होती. परदेशात पहिलं वर्ष काढलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता उत्तरांकडे येते. "ज्यांनी ऐकलंच नाही त्यांचं काय" हा प्रश्न ख्रिस्ती लोकांनाही पहिल्यापासून पडलेला आहे. पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात म्हटलंय की ज्यांच्याकडे नियमशास्त्र नाही त्यांच्याही अंतःकरणात देवाचा नियम लिहिलेला असतो. दुसऱ्या शतकातला जस्टिन तर सॉक्रेटिससारख्यांनाही आपल्यात धरायला तयार होता. उलट बाजूने, चर्चबाहेर तारण नाही असं शतकानुशतकं ठणकावून सांगितलं गेलं हेही खरं. कॅथलिक चर्चने १९६४ साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, स्पष्ट लिहिलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त कळला नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाप्रमाणे वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. प्रोटेस्टंटांत एकमत नाही. वर्गातला तो मुलगा बोलला ते एका पंथाचं मत झालं, सगळ्या ख्रिस्ती जगाचं नव्हे, हे मी मुलीला सांगू शकले.

आंधळ्या मुलाचा प्रश्न मात्र इतक्यावर सुटत नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्य येशूला अगदी आपल्यासारखं विचारतात: हा जन्मांध आहे तो कुणाच्या पापाने, याच्या की आईबापांच्या? येशू म्हणतो, कुणाच्याच नाही, आणि त्याला बरं करतो. म्हणजे दोष कुणाचा हा हिशेबच तो मांडू देत नाही. ईयोबाच्या पुस्तकातही शेवटपर्यंत "का"चं उत्तर येत नाही. हे कुणाला अपुरं वाटेल. मलाही वाटतं. पण आपलं पूर्वकर्माचं उत्तर तरी आजारी मुलाच्या आईला तोंडावर सांगवेल का?

या प्रश्नाचा आपल्या एर्लांगेनशीही संबंध आहे. कवी फ्रीडरिश र्‍युकर्ट १८२६ ते १८४१ इथल्या विद्यापीठात पौर्वात्य भाषांचे प्राध्यापक होते. नल-दमयंती त्यांनी जर्मनमध्ये आणली. १८३३-३४ च्या हिवाळ्यात त्यांची दोन धाकटी मुलं स्कार्लेट फीव्हरने गेली आणि त्या दुःखात त्यांनी चारशेहून अधिक कविता लिहिल्या. त्यांच्या हयातीत त्या छापल्या गेल्या नाहीत. पुढे त्यातल्या पाचांना माहलरने चाली दिल्या.

आणि याच विद्यापीठात १८२९ पासून लुडविग फॉयरबाख नावाचा तरुण शिकवत होता. १८३० मध्ये त्याने निनावी पुस्तक काढलं, त्यात मेल्यानंतर जीव उरतो ही कल्पनाच नाकारली. लेखक कोण हे फुटलं आणि प्राध्यापकी कायमची हुकली. १८४१ च्या 'ख्रिस्ती धर्माचे सार' या ग्रंथात तो म्हणतो की देवाने माणूस घडवला नाही, माणसानेच आपल्यातलं प्रेम, न्याय, ज्ञान आभाळावर टाकून त्याला देव म्हटलं. हा आक्षेप गोऱ्यांच्या आक्षेपांपेक्षा वेगळा, कारण तो आपल्या देवघरातल्या विठोबालाही तितकाच लागू पडतो. हे आपण सोयीस्करपणे विसरतो. त्यावर श्रद्धावान म्हणतात, तहान आहे म्हणून पाणी खोटं ठरत नाही. बरोबर. पण खरंही ठरत नाही.

पंडिता रमाबाईंची गोष्ट मुलीला जास्त आवडली. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याआधी पुण्यात गोऱ्यांशी त्यांची चर्चा झाली होती, त्यांच्या समजावण्याचा बराच परिणाम होता. पण बाप्तिस्म्यानंतर ज्यांनी सांभाळलं त्या सिस्टर जेराल्डिनशीच त्यांची पत्रांतून जुंपली. त्रैक्य म्हणजे बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक देव, हे त्यांच्या बुद्धीला पटेना. (चर्चला तरी हे शब्दांत बसवायला ३२५ ची नायसियाची आणि ३८१ ची कॉन्स्टँटिनोपलची अशा दोन परिषदा लागल्या.) गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, आपलं संस्कृत काय वाईट, असंही त्यांनी विचारलं. अंड्याचं पुडिंग खाल्लं नाही म्हणून जातीचा अभिमान सुटला नाही असा ठपका आला, तोही त्यांनी मानला नाही. पुढे १९०७ च्या आत्मकथनात रमाबाई सांगतात की आधी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नंतर, बाप्तिस्म्याला सातआठ वर्षं होऊन गेल्यावर.

लक्ष्मीबाई टिळकांनाही वेळ लागला. नवऱ्याने, म्हणजे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी, १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्या कोसळल्या आणि काही वर्षं वेगळ्या राहिल्या. नंतर एका घरात आल्या तरी आधी सोवळंओवळं सुटलं आणि मग १९०० साली बाप्तिस्मा झाला. मोठ्या तर्कवितर्कांनी नाही, तर माणसाने माणसाला विटाळ मानायचा हे मनातून गेल्यावर.

हे सगळं वाचून मला एवढं कळलं की आपल्या या माणसांपैकी कुणीही शंका गिळून पुढे गेलं नाही. वादात हरून कुणी ख्रिस्ती झालं नाही आणि ख्रिस्ती झाल्यावर वाद घालायचंही सोडलं नाही.

मुलीने शेवटी तिचा प्रश्न स्वतःच तिथल्या पाळकबाईंना विचारला. मी दाराशी उभी होते. त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या आजीचा निवाडा करायचं काम मला दिलेलं नाही. माझा देव तुझ्यापेक्षा तिच्यावर कमी प्रेम करत असेल असं मला वाटत नाही. पण मला खात्रीने माहीत नाही." घरी येताना बसमध्ये मुलगी म्हणाली, "निदान खरं बोलल्या."

कोनफिर्मात्सिओनचं तिने अजून ठरवलेलं नाही. सध्या 'स्मृतिचित्रे' वाचायला घेतलंय, मराठी वाचन अडखळत असल्यामुळे रोज चार पानं, मोठ्याने. अडलेल्या शब्दांसाठी साताऱ्याला आजोबांना फोन जातो. तिचं झालं की पुस्तक मंडळाच्या पेटीत ठेवीन. बांधणी सुटली आहे, जरा जपून हाताळा.