जुन्या छताचा रंग

भिंतीवरचा डाग तसबिरीमागे दडवता येतो. छताला ती सोय नाही. खिडकीतून तिरपा येणारा उजेड त्यावरचा प्रत्येक उंचवटा आणि कुंचल्याचा प्रत्येक फराटा उघड करतो.

जबलपूरच्या जुन्या घरांत ही अडचण अधिक जाणवते, कारण तेथील कित्येक छतांना चुन्याचा गिलावा आहे. चुन्याला त्या बाजूस तोटा नव्हता. १९९८ साली स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत जबलपूर जिल्ह्यातच असलेले कटनी चुन्याच्या भट्ट्यांबद्दल प्रसिद्ध आहे. चुनखडी भाजली की कळीचा चुना होतो. तो विरवून लावला की हवेतील कर्बवायू शोषून घेत हळूहळू पुन्हा दगड बनतो. चुन्याचा गिलावा टिकतो तो या गुणामुळे.

मात्र सफेदीवर सफेदी चढत गेली म्हणजे थर जाड होतो आणि वरचे पापुद्रे खालच्यांना नीट धरून राहत नाहीत. तळहात फिरवल्यावर पांढरी भुकटी लागली, तर त्या छतावर प्लास्टिक रंग देणे व्यर्थ होय. रंग वाळताना आकसतो आणि तो भुसभुशीत थर ओढून घेऊन पोपड्यांच्या रूपाने सुटतो. म्हणून पाणी मारून सारी जुनी सफेदी खरवडावी. काम कंटाळवाणे आहे. कारागीर ते टाळू पाहतात आणि घरमालकही खर्चाकडे पाहून होकार देतो!

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे छत ठोकून पाहणे. २२ मे १९९७ रोजी, मध्यरात्रीनंतर, जबलपूरला भूकंप झाला आणि अनेक जुन्या इमारतींना तडे गेले. तडा नुसता लुकणाने बुजवला तर वर दिसत नाही, पण त्याच्या कडेचा गिलावा आतून सुटलेला असू शकतो. लाकडी मुठीने हलकेच ठोकले असता घट्ट गिलावा ठणठणीत वाजतो, सुटलेला पोकळ वाजतो. पोकळ भाग काढलाच पाहिजे. गुळगुळीत रंगाखालचा तो तुकडा एखाद्या रात्री निजलेल्या मुलाच्या अंगावर पडायचा. काढलेल्या जागी चुन्याचाच गिलावा करावा. सिमेंट फार ताठ असते, जुन्या चुन्याशी त्याचे जमत नाही.

गळती आधी थांबवावी आणि पावसाळ्यानंतर छत पुरते वाळू द्यावे. मग लुकणाचे पातळ हात, प्रत्येक हातानंतर काचकागद. घासताना दिवा छताला लागून आडवा धरावा. समोरून सपाट भासणारे छत तेव्हा आपले खरे रूप दाखवते.

रंगाचा पहिला हात खिडकीला आडवा आणि शेवटचा खिडकीच्या दिशेने द्यावा, म्हणजे फराटे उजेडाच्या ओघात मिसळतात. पट्ट्याची कड ओली असतानाच पुढचा पट्टा जोडावा लागतो. यासाठी मोठ्या दालनात दोन माणसे हवीत, आणि रंग संपेपर्यंत पंखा बंद.