अडुळसा लावा, पण खोकल्याचे दिवसही मोजा

मे महिन्यात वस्तीत फेरी मारली की दारापुढच्या बादल्या आणि डबे बघवत नाहीत. पावसाळ्यात हौसेनं लावलेला मोगरा वाळून काडी झालेला असतो, गुलाबाचं तर नावच नको. आमच्या मराठवाड्यात कित्येक वस्त्यांत नळाला आठवड्यातून एकदा पाणी. पिंपात साठवलेलं आधी माणसांना, मग भांड्यांना. झाडाला कुठून घालणार? पण त्याच गल्लीत एखाद्या दारापुढे कमरेएवढं हिरवंगार झुडूप उभं असतं. समोरासमोर जोडीनं येणारी लांब, टोकदार पानं, आणि हिवाळ्यात पांढरी फुलं, त्यांच्या खालच्या ओठावर जांभळट रेघा. तो अडुळसा.

तीन वर्षांपूर्वी आम्ही वस्तीतल्या बायांना अडुळशाच्या फांद्या वाटल्या. कारण साधं होतं. हे झाड एकदा लावलं की वर्षानुवर्षं टिकतं, ऊन सोसतं, आणि शेळी त्याला तोंड लावत नाही. त्याच्या शास्त्रीय नावात 'अधाटोडा' असा शब्द आहे, तो तमिळमधून आला आणि त्याचा अर्थच 'शेळी शिवत नाही' असा सांगतात. पान चावून बघा, शेळीचं का बिनसलं ते कळेल. म्हणूनच गावाकडे शेताच्या बांधाला अडुळशाचं कुंपण करतात. ज्या गल्लीत शेळ्या मोकळ्या फिरतात तिथे हा गुण लाखमोलाचा.

लावायची रीत सोपी आहे. पहिले दोन-तीन पाऊस पडून गेले की ओळखीच्या झाडाची पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब फांदी घ्यायची. अगदी कोवळी नको आणि लाकूड झालेलीही नको. तिला तीन-चार पेरं असावीत. वरची दोन पानं ठेवून बाकीची काढायची आणि दोन पेरं मातीत जातील अशी खोचायची. रंगाची रिकामी बादली चालते, पण आतला रंग खरवडून स्वच्छ धुतलेली हवी. कारखान्यातून आलेला केमिकलचा डबा कितीही धुतला तरी घेऊ नका, त्या झाडाची पानं पोटात जाणार आहेत. बादलीच्या बुडाला चार भोकं पाडा, त्यावर खापऱ्या किंवा विटेचे तुकडे टाका, वर माती आणि तिसरा हिस्सा शेणखत. महिनाभर सावलीत ठेवा. नवी पालवी फुटली की फांदी लागली असं समजायचं.

इथे आमची एक चूक कबूल करतो. "याला पाणी लागत नाही" असं आम्ही सांगत सुटलो होतो. अडुळसा दुष्काळ सोसतो तो जमिनीत, कारण तिथे त्याची मुळं ओल शोधत खोल जातात. बादलीत ती कुठे जाणार? पहिल्या उन्हाळ्यात आम्ही दिलेली निम्मी झाडं त्यामुळेच गेली. पहिलं वर्ष त्याला सांभाळावं लागतं. उन्हाळ्यात आठवड्यातून दोन-तीनदा तांब्याभर पाणी, तेही संध्याकाळी. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी उत्तम. कपड्यांच्या साबणाचं, सोड्याचं पाणी नको. मातीवर वाळलेला पाला किंवा नारळाच्या शेंड्या पसरल्या तर ओल टिकते. एवढं जपलं की दुसऱ्या वर्षापासून तो फार मागत नाही. जमिनीचा हातभर तुकडा मिळाला तर तिथेच लावा, फक्त गटाराला लागून नको. पाणी तुंबलं की याची मुळं कुजतात. पावसाळ्याच्या तोंडावर शेंडे छाटले की झाड दाट होतं, आणि छाटलेल्या फांद्या शेजारणीला देता येतात.

बादलीखाली ताटली ठेवत असाल तर आठवड्यातून एकदा ती ओतून, घासून कोरडी करा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. औषधाचं झाड लावून घरात डेंग्यू आणू नका.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे पान लिहायला घेतलं.

आम्ही फांदी दिलेल्या घरांपैकी एका घरात झाड छान वाढलं. घरचा माणूस गवंड्याच्या हाताखाली काम करणारा, वय पस्तिशीचं. त्याला खोकला लागला. बायको रोज सकाळी पानं तोडून काढा करून द्यायची. घसा मोकळा व्हायचा, बेडका सुटायचा, तो कामावर जायचा. सिमेंटच्या धुळीचा खोकला आहे, असं दोघांनी धरून चाललं. आम्ही एकदा घरी गेलो तेव्हा ती कौतुकानं म्हणाली, "ताई, तुमच्या झाडानं दवाखाना वाचवला." आम्हालाही बरं वाटलं. किती दिवसांचा खोकला आहे, हे आम्ही विचारलं नाही. आमच्यात नर्सिंग शिकलेल्या असून विचारलं नाही. दोन महिन्यांनी तो भेटला तेव्हा शर्ट अंगावर लोंबत होता. संध्याकाळी ताप यायचा, रात्री घामानं उशी भिजायची. दुसऱ्या दिवशी त्याला सरकारी दवाखान्यात नेऊन थुंकी तपासली. टीबी निघाला. एका खोलीत पाच माणसं राहत होती, त्यांत चार वर्षांची मुलगी.

अडुळसा खोटा आहे असं आम्ही म्हणत नाही. त्याच्या पानात व्हॅसिसिन नावाचं द्रव्य असतं. त्याच्याच धाग्यावरून शास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध बनवलं. मेडिकलमधल्या खोकल्याच्या बाटलीवर ते नाव तुम्हाला सापडेल. म्हणजे काढ्यानं बेडका सुटतो हा भास नाही. पण बेडका सुटणं वेगळं आणि टीबीचे जंतू मरणं वेगळं. जुन्या वैद्यकात अडुळसा आहे तोवर क्षयाच्या रोग्यानं धीर सोडू नये, असं मानत. त्या काळी दुसरं हाती होतं काय? टीबीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी 1882 साली दाखवला, आणि त्याला मारणारं पहिलं परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, 1943 मध्ये सापडलं. काढ्यानं त्रास कमी झाला की माणूस दवाखाना पुढे ढकलतो, आणि तेवढ्या दिवसांत घरातले बाकीचे तीच हवा आत घेतात. धोका तिथे आहे.

म्हणून खोकला लागला की कॅलेंडरवर खूण करा. साध्या सर्दीखोकल्यात मोठ्या माणसानं काढा घ्यायला हरकत नाही. चार-पाच पानं धुऊन दोन कप पाण्यात उकळा, एक कप उरलं की गाळून गुळाबरोबर दोन वेळात घ्या, तीन-चार दिवस. (साखरेचा आजार असेल तर गूळ वगळा. कडू लागेल, पण इलाज नाही.) दोन आठवडे झाले आणि खोकला थांबला नाही, तर थुंकी तपासायलाच हवी. सोबत ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम असेल तर दोन आठवडेही थांबू नका. थुंकीतून रक्त पडलं तर त्याच दिवशी दवाखाना. रक्त थांबवायला अडुळसा देतात, असं अजूनही ऐकतो आम्ही. कृपा करून तसं करू नका.

गरोदर बाईला अडुळसा मुळीच नको. यातल्या व्हॅसिसिननं गर्भाशय आकुंचन पावतं, पोटातलं बाळ धोक्यात येऊ शकतं. घरात नवी सून असेल, दिवस गेल्याचं अजून सांगितलं नसेल, तर सासूबाईंनी आधी विचारावं आणि मगच काढा पुढे करावा. लहान मुलांना आम्ही देत नाही. मूल भरभर श्वास घेत असेल, छाती आत ओढत असेल, तर तो न्यूमोनिया असू शकतो. तिथे काढ्यात एक तासही घालवायचा नाही. दम्याचा पंप चालू असलेल्यांनी काढ्याच्या भरवशावर पंप सोडू नये.

सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी आणि औषधं फुकट मिळतात. साध्या टीबीचा इलाज सहा महिन्यांचा असतो, आणि बरं वाटलं म्हणून मध्येच गोळ्या सोडायच्या नसतात. इलाज चालू असेपर्यंत पोषण आहारासाठी निक्षय पोषण योजनेतून पैसे खात्यात येतात. 2018 मध्ये महिना 500 रुपये होते, नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले. बँक खातं आणि आधार जोडलेलं नसेल तर पैसे अडकतात, आशाताईला लगेच सांगा. घरात टीबी निघाला तर बाकीच्यांचीही तपासणी करून घ्या, आणि पाच वर्षांखालच्या मुलाला टीबी नसला तरी प्रतिबंधक औषध मिळतं, ते मागून घ्या. लाज वाटून लपवणाऱ्या घरांना आम्ही एवढंच सांगतो की टीबी हवेतून येतो. तो कोणाच्या चालीरीतीतून येत नाही. दाटीची खोली, खिडकी नसलेली भिंत आणि अर्धपोटी जेवण यांच्यावर तो पोसतो.

तो माणूस सहा महिने गोळ्या खाऊन बरा झाला. मुलीलाही प्रतिबंधक औषध दिलं, ती ठणठणीत आहे. दारातला अडुळसा त्या बाईनं रागानं उपटला नाही, म्हणून यंदा आम्ही फांद्या तिच्याकडूनच घेणार आहोत. या वेळी प्रत्येक फांदीला एक चिठ्ठी बांधायची, त्यावर मोठ्या अक्षरात 'दोन आठवडे' आणि 'गरोदर बाईला नको', असं तिनंच सुचवलं. वाचता न येणाऱ्या घरी ती स्वतः जाऊन सांगणार आहे. बादली ज्याची त्यानं आणायची, भोकं पाडायला खिळा आमच्याकडे आहे.