आधी खीळ पाह्य!

आमच्या पांढुर्ण्याचा पोळा म्हटला की बाहेरच्या लोकांना दुसऱ्या दिवशीची, जाम नदीवरची गोटमारच आठवते. मला मात्र आजोबा आठवतात. बंडी जुंपण्याआधी ते दोन्ही चाकांपाशी वाकायचे आणि आसाच्या टोकाची खीळ हाताने हलवून बघायचे. आम्हा पोरांना घाई असायची. ते म्हणायचे, "आधी खीळ पाह्य, मंग बैल जुप."

मी बीई मेकॅनिकल झालो, पोटासाठी सॉफ्टवेअरमध्ये गेलो आणि आजोबांचं हे वाक्य मला पस्तिशीला आल्यावर कळलं. तेही गाडी मोडल्यावर!

त्या गाडीची गोष्ट सांगतो. इंदूरजवळच्या पीथमपूरला २००७ पासून 'बाहा' नावाची स्पर्धा होते. इंजिनिअरिंगची मुलं लोखंडी नळ्या वाकवून, जोडून, एकट्याने बसायची बग्गी बनवतात आणि ती खड्ड्यादगडांतून तासन्‌तास पळवतात. कॉलेजात असताना आम्हीही अशी एक बग्गी बनवली होती. पुढे ती वर्कशॉपच्या कोपऱ्यात गंजत पडली. तीन वर्षांपूर्वी आम्ही तिघा मित्रांनी ती भंगाराच्या भावात घेतली आणि टेम्पोत घालून आमच्या संत्र्याच्या बागेत आणली. सुट्टीत घरी आलो की एकेक सुटा भाग आणून जोडायचा, हाच आमचा छंद.

सुटे भाग आणून घरी गाडी जोडण्याचा हा प्रकार जगात जुना आहे. इंग्लंडची 'लोटस सेव्हन' १९५७ साली आली आणि सुट्या भागांच्या रूपातही विकली गेली, कारण तशी घेतली तर कर वाचायचा. आपल्याकडे अलिबागजवळ कार्लेखिंडीत 'चिंकारा' या कंपनीने त्याच घाटाची रोडस्टर बनवली. आमची बग्गी त्या घराण्यातली अगदी गरीब नातेवाईक!

गेल्या दिवाळीत बागेतल्या वाटेवर मी ती चालवत होतो. वेग वीसच्या आसपास असेल. धुरा ओलांडताना 'कट्ट' असा आवाज आला, मागचं डावं चाक एकदम तिरपं झालं आणि गाडी गर्रकन फिरून संत्र्याच्या झाडाला टेकली. मला खरचटलंसुद्धा नाही. पण पुढची पाळी माझ्या भाच्याची होती. तो हेल्मेट घालून, वाटेच्या कडेला दहा पावलांवर उभा होता.

बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी मातीत पडलेला तुकडा उचलून माझ्या हातात ठेवला. तुकडा 'रॉड एंड'चा होता, म्हणजे एका टोकाला गोळी बसवलेलं कडं आणि दुसऱ्या टोकाला आट्यांची दांडी. मोडलेल्या जागेचा अर्धा भाग मळकट आणि उरलेला चकचकीत होता. मळकट भाग म्हणजे जुनी चीर. ती कधीपासून वाढत होती, आम्ही कोणी पाहिलंच नव्हतं.

रात्री कागद घेऊन बसलो. आमच्या गाडीत मागच्या प्रत्येक चाकाला खाली एक रुंद कंट्रोल आर्म आहे, इंग्रजी 'एच' अक्षरासारखा, आणि वर एक आडवी लिंक. शॉकअप खालच्या आर्मवर टेकतो. चाकाकडच्या टोकाला, चाकाचा कोन बदलता यावा म्हणून, आम्ही दोन रॉड एंड आट्यांनी बसवले होते. कॉलेजात याचा केवढा अभिमान होता! पण चाकाखालचा धक्का शॉकअपपर्यंत जातो तो याच दोन जोडांतून, आणि जाताना त्यांना वाकवतो. रॉड एंड ओढायला आणि दाबायला पक्का असतो, वाकवायला नाही.

आकडे सोपे आहेत. चालकासकट गाडी २५० किलो. उभ्या गाडीत मागच्या एका चाकावर साधारण ७५ किलो येतात. धुऱ्यावर आदळताना ते चौपट धरले आणि दोन जोडांत वाटले, तर एका जोडावर १५० किलो, म्हणजे सुमारे १५०० न्यूटन. गोळीपासून आर्मच्या तोंडापर्यंत अंतर ३० मिलिमीटर. १० मिलिमीटरच्या दांडीची आट्यांच्या तळाशी जाडी उरते जेमतेम ८ मिलिमीटर. तिथे ताण निघाला चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटनच्या वर. ८.८ दर्जाचा चांगला बोल्टसुद्धा ६४० ला कायमचा वाकायला लागतो. आमचा जोड इतके दिवस टिकला, हेच नवल.

मित्र म्हणाला, "१२ चा रॉड एंड टाकू." त्याने ताकद सुमारे पावणेदोन पट वाढली असती, पण चूक तिथेच राहिली असती. म्हणून रचनाच बदलली. खालच्या आर्मच्या चाकाकडच्या टोकांवरचे आटे काढून टाकले. तिथे जाड नळीच्या वाट्या वेल्ड केल्या आणि त्यांत गोल बेअरिंग बसवून सर्क्लिपने अडकवली. वेल्डिंगच्या तापाने वाटी वाकडी होते, म्हणून आधी वेल्डिंग केलं आणि मग सौंसरच्या लेथवाल्या भाऊंकडून दोन्ही वाट्यांना एका रेषेत बोअर मारून घेतला. चाकाकडचा बोल्ट आता एकाच पट्टीतून लोंबत नाही, दोन कानांच्या मधून जातो. रॉड एंड फक्त वरच्या लिंकला ठेवले, कारण तिथे नुसती ओढाताण आहे. एका टोकाला सुलटे आटे, दुसऱ्याला उलटे. त्यामुळे लिंक न काढता पान्याने फिरवून चाकाचा कोन जुळतो, मग चेकनट घट्ट करायचा. चेसिसकडच्या टोकांना पॉलीयुरेथेनचे बुश टाकले. आमच्या काळ्या मातीची धूळ उघड्या जोडात शिरली की पॉलिश पेपरसारखी घासते.

शेवटचं काम सर्वांत स्वस्त होतं. प्रत्येक नटावर आणि शेजारच्या पट्टीवर मिळून पिवळ्या रंगाची एक रेघ ओढली. नट सरकला की रेघ तुटते आणि लांबूनही दिसते.

आता हे वाचून कोणी आपल्या घरच्या गाडीचे आर्म बदलायला निघू नका! मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल असं सांगतात की नोंदणी झालेल्या गाडीत कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. आमची बग्गीही बागेच्या फाटकाबाहेर जात नाही. घरच्या गाडीला कंपनीने दिलेले रबरी बुशच योग्य. ते हादरे पितात आणि धूळ आत येऊ देत नाहीत. पण तेही झिजतात. खड्ड्यात मागून खडखड येणं, टायर एकाच कडेने खाल्ला जाणं, ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढणं, यांतलं काहीही दिसलं तर मेकॅनिकला गाडी जॅकवर घ्यायला सांगा. चाक वर-खाली धरून हलवलं आणि खेळ जाणवला, तर नागपूर-बैतूल रस्त्यावर निघण्याआधी काम करून घ्या. पुढच्या चाकातला दोष निदान स्टिअरिंगमधून हाताला कळतो. मागचं चाक सहसा काही कळू देत नाही.

संक्रांतीला घरी गेलो तेव्हा बग्गी पुन्हा वाटेवर आली. भाचा हेल्मेट घालून आला, पण बसला नाही. चारही चाकांपाशी वाकून त्याने पिवळ्या रेघा एकेक करून पाहिल्या. बाबा ओट्यावरून बघत होते. म्हणाले, "आता जुप."