सुप्याचा बाजार आणि १८७९ चा कायदा

विषयाची व्याप्ती

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात राजे, सेनापती, गव्हर्नर आणि पुढारी यांची नावे असतात. ज्यांची नावे नसतात, अशा माणसांच्या कृतींनीही कायदे बदलतात, शासनाची धोरणे वळतात आणि समाजातील व्यवहारांचे नियम नव्याने लिहिले जातात. मात्र हे आपोआप घडत नाही. एकेकट्याचे दुःख सामूहिक कृतीत उतरावे लागते, त्या कृतीची सत्तेला दखल घ्यावी लागते आणि त्या दखलेतून टिकणारी व्यवस्था उभी राहावी लागते. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी १८७५ मध्ये सावकारांविरुद्ध केलेल्या उठावात या तिन्ही पायऱ्या स्पष्ट दिसतात. सरकारी कागदपत्रांत या उठावाची नोंद ‘दख्खनचे दंगे’ अशी आहे.

घटना

सुपे हे तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील बाजाराचे गाव. १२ मे १८७५ रोजी बाजाराच्या दिवशी आसपासच्या गावांतील शेतकरी तेथे जमले आणि त्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. त्यांनी हिशेबाच्या वह्या व कर्जरोखे मागितले आणि हाती आलेले कागद जाळले. धान्याची दुकानेही लुटली गेली. पुढील काही आठवड्यांत हे लोण पुणे जिल्ह्यातील इतर तालुक्यांत आणि अहमदनगर जिल्ह्यात पोचले. तीसहून अधिक गावे त्यात ओढली गेली. सरकारने पोलीस चौक्या बसवल्या, लष्कर बोलावले आणि शेकडो लोकांना अटक केली.

कर्जाचे मूळ

दख्खनमध्ये कंपनी सरकारने रयतवारी पद्धत आणली. तीत शेतसारा भरण्याची जबाबदारी थेट खातेदारावर होती आणि तो रोखीने भरावा लागे. पाऊस अनिश्चित आणि जमीन हलकी असल्याने वाईट वर्षी रोकड सावकाराकडूनच येई. इंदापूर तालुक्यात १८३६ मध्ये सुरू झालेल्या नव्या आकारणीची मुदत ३० वर्षांची होती. ती संपल्यावर १८६०च्या दशकाच्या उत्तरार्धात फेरआकारणी झाली आणि अनेक गावांत सारा मोठ्या प्रमाणात वाढला. खातेदाराला जमिनीवर विक्रीयोग्य हक्क मिळाला होता. त्यामुळे जमीन तारण ठेवता येऊ लागली, आणि तारण ठेवता येते म्हणूनच ती हातची जाऊही लागली.

कापसाची तेजी आणि मंदी

अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले आणि ब्रिटनच्या गिरण्यांना होणारा अमेरिकन कापसाचा पुरवठा आटला. मागणी हिंदुस्थानकडे वळली. मुंबईच्या व्यापाऱ्यांकडून सावकारांकडे आणि सावकारांकडून शेतकऱ्यांकडे पैसा वाहू लागला. कापसाच्या एकरामागे १०० रुपयांपर्यंत उचल मिळाल्याची नोंद आहे. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि सावकारांनी हात आखडता घेतला. जुने कर्ज कायम राहिले, नवे मिळेना आणि सारा मात्र वाढला. सुप्याजवळच्या शेतकऱ्याने अमेरिकेचे नावही ऐकले नसेल. तरी त्याच्या घरातील रोख्याची रक्कम तेथील युद्धाशी जोडलेली होती.

रोख्याचे गणित

सरकारने १८५९ मध्ये मुदतीचा कायदा केला. त्यानुसार सावकार व कूळ यांच्यातील रोखा तीन वर्षेच वैध राहणार होता. व्याज साचू नये हा त्यामागील हेतू. परिणाम उलटा झाला. दर तीन वर्षांनी सावकार थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागला. उदाहरणार्थ, १०० रुपयांवर दरमहा दरशेकडा दोन रुपये व्याज धरले, तर तीन वर्षांनी १७२ रुपयांचा नवा रोखा होतो, सहा वर्षांनी सुमारे २९६ रुपयांचा आणि नऊ वर्षांनी सुमारे ५०९ रुपयांचा. सरळ व्याजाने हीच रक्कम नऊ वर्षांत ३१६ रुपये झाली असती. दामदुपटीच्या जुन्या रूढीप्रमाणे व्याज मुद्दलापेक्षा जास्त घेता येत नसल्याने ती २०० रुपयांवरच थांबली असती. भरलेल्या हप्त्याची पावती मिळत नसे आणि ज्याला वाचता येत नव्हते त्याचा अंगठा कोणत्या आकड्याखाली उमटला हे सावकारालाच ठाऊक असे. दिवाणी न्यायालयात मात्र तोच कागद अंतिम पुरावा ठरे.

बहिष्कार : कृतीचे पहिले रूप

हिंसक उठावाआधी नकार आला. शिरूर तालुक्यातील कर्डे गावात १८७४ च्या अखेरीस काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्या घरावर सुमारे १५० रुपयांच्या येण्यापोटी हुकूमनामा मिळवला. घर जाण्याची वेळ येताच गावाने सावकारांशी व्यवहार तोडले. त्यांच्या दुकानातून माल घेणे थांबले. न्हावी, परीट, पाणी भरणारे यांनी काम नाकारले. बलुतेदारीवर चालणाऱ्या गावात सेवा बंद होणे म्हणजे राहणेच अशक्य होणे. ही बातमी आसपासच्या गावांत पोचली आणि तेथेही तसेच बहिष्कार पडले. येथे एक बारकावा लक्षात घ्यावा लागतो. कर्ड्याचा प्रमुख पीडित वतनदार घराण्यातील होता. गावातील वजनदार माणसाचे नुकसान आणि सामान्य कुळांचा साचलेला राग एकत्र आल्यावरच कृतीला धार आली.

अफवेचे कार्य

उठावाच्या काळात एक वार्ता पसरली होती. कोणा इंग्रज साहेबाला सावकारांनी कर्जापायी बुडवले, हे कानावर जाताच विलायतेच्या राणीने सावकारांकडील रोखे परत करण्याचा हुकूम काढला, असा तिचा आशय होता. वार्ता खोटी होती. परंतु तिने दोन कामे केली. दूरच्या गावांतील अनोळखी लोकांना तिने एकाच मागणीवर आणले आणि त्यांच्या कृतीला वरिष्ठ सत्तेची मान्यता असल्याचा विश्वास दिला. वृत्तपत्र न पोचणाऱ्या समाजात अफवा हे संघटनेचे साधन ठरते. लोक काय न्याय्य मानत होते, हेही तिच्यातून कळते.

लक्ष्य कागद का

जमावाचा रोख मुख्यतः दस्तऐवजांवर होता. जेथे रोखे मुकाट्याने हवाली केले गेले, तेथे बहुधा पुढची हिंसा झाली नाही. यामागे स्पष्ट तर्क आहे. सावकाराची सत्ता शस्त्रांवर नव्हती, ती न्यायालय मानेल अशा कागदावर होती. निरक्षर कुळाने कायदा वाचला नव्हता, पण सावकाराचे बळ कोठे साठले आहे हे त्याने अचूक ओळखले होते. त्यामुळे ही कृती आंधळी लूटमार न राहता तिला मागणीचे स्वरूप आले आणि पुढे चौकशीचा विषयही तोच झाला.

चौकशी

१८५७ च्या उठावाच्या आठवणी ताज्या असल्याने सरकारने हा प्रकार केवळ बंदोबस्ताचा मानला नाही. मुंबई सरकारने चौकशी आयोग नेमला. आयोगाने गावोगाव शेतकरी, सावकार व साक्षीदारांच्या जबान्या घेतल्या, साऱ्याचे, भावांचे व व्याजाचे आकडे गोळा केले. त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवण्यात आला. पाहणीतील गावांत सुमारे एकतृतीयांश खातेदार कर्जबाजारी आढळले. त्यांचे कर्ज सरासरी त्यांच्या साऱ्याच्या १८ पट होते आणि त्यातील जवळजवळ दोनतृतीयांश जमिनीच्या तारणावर होते. शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज आकारल्याचे प्रकरणही नोंदले गेले. ज्यांनी कागद जाळले त्यांचे म्हणणे प्रथमच सरकारी कागदावर आले.

मध्यस्थांची जोड

जमावाची मागणी शासनाच्या भाषेत मांडणारा वर्गही आवश्यक असतो. १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने उठावापूर्वीच शेतकऱ्यांच्या स्थितीची आणि वाढीव साऱ्याची पाहणी करून गाऱ्हाणी मांडली होती. महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सावकाराबरोबर नोकरशाही आणि पुरोहितशाही यांनाही जबाबदार धरले. या दोन भूमिकांत अंतर होते. तरी शेतकऱ्याचे कर्ज हा खाजगी नशिबाचा भाग नसून सार्वजनिक प्रश्न आहे, हे दोन्हींमुळे प्रस्थापित झाले.

कायदा

या साखळीची परिणती १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यात झाली. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. रोख्यातील आकडा अंतिम न मानता न्यायालयाने व्यवहार मुळापासून तपासावा, व्याज मुद्दलात मिळवू नये, कर्जापायी शेतकऱ्याला कैदेत टाकू नये, स्पष्टपणे गहाण न टाकलेली जमीन विकू नये, अशी त्याची दिशा होती. दस्त गावपातळीवरील निबंधकासमोर लिहिणे, भरलेल्या रकमेची पावती देणे आणि हिशेबाचा उतारा पुरवणे ही बंधनेही आली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुढे याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले.

मर्यादा

उठावाचा फटका प्रामुख्याने मारवाडी व गुजर सावकारांना बसला. स्थानिक सावकार बऱ्याच ठिकाणी वाचले. म्हणजे परकेपणाची भावनाही लक्ष्य ठरवत होती. भूमिहीन मजूर आणि स्त्रिया यांचे प्रश्न मागणीत आले नाहीत. सरकारने दोषाचा मोठा भार सावकारावर टाकला आणि साऱ्याच्या बोज्याला मूळ कारण मानले नाही. कायद्यातूनही पळवाटा निघाल्या. काही सावकारांनी गहाणखताऐवजी थेट खरेदीखत लिहून घेण्यास आणि परतीचे वचन तोंडी ठेवण्यास सुरुवात केली. कर्ज मिळणे अवघड झाले, मात्र कर्जाची गरज संपली नाही. कायद्याआधी १८७६ ते १८७८ चा दुष्काळही या भागाने सोसला होता.

मतभेद

या घटनेचे महत्त्व किती, यावर अभ्यासकांत एकमत नाही. रविंदर कुमार यांनी ब्रिटिश धोरणांमुळे ग्रामीण समाजातील समतोल ढळल्याचे लक्षण म्हणून उठावाकडे पाहिले. नील चार्ल्सवर्थ यांच्या मते त्याचा विस्तार मर्यादित होता आणि त्याची थोरवी नंतर वाढवली गेली. दोन्ही मते एका मुद्द्यावर भेटतात : उठावाचा आकार आणि त्याचा परिणाम यांचे प्रमाण सारखे नसते. मोजक्या गावांतील कृतीचा परिणाम मोठा झाला, कारण तिने सत्तेच्या दुखऱ्या जागी बोट ठेवले.

पुढचे धागे

कायदा सावकाराला आवर घालू शकतो, पण पर्यायी भांडवल पुरवू शकत नाही, हे लवकरच उघड झाले. विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना पुढे आणली. लंडनहून तिला संमती मिळाली नाही. १८८३ व १८८४ मध्ये तगाईचे, म्हणजे शेतकऱ्यांना सरकारी कर्ज देण्याचे, कायदे आणि १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. हे सर्व केवळ सुप्यामुळे घडले असे म्हणता येत नाही. दुष्काळ आणि इतर प्रांतांतील अनुभवही त्यामागे होते. तथापि शेतकऱ्याच्या कर्जाची जबाबदारी काही अंशी शासनाची आहे, हा विचार धोरणात रुजण्यास १८७५ ची मोठी मदत झाली.

निष्कर्ष

सामान्य माणसे इतिहासाचा प्रवाह एकट्याने ठरवत नाहीत आणि परिणामावर त्यांचा ताबाही राहत नाही. सुप्यात जमलेल्यांना रोखे नष्ट करायचे होते; प्रत्यक्षात रोखे राहिले, पण ते लिहिण्याचे नियम बदलले. प्रश्न कोणता, हे शेतकऱ्यांनी ठरवले. उत्तर सरकारने आपल्या सोयीने लिहिले. उठाव करणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावे आज कोणाला माहीत नाहीत. कर्जाचा हप्ता भरल्यावर पावती मिळणे हा शेतकऱ्याचा हक्क ठरला, तो त्यांच्या उठावानंतर चार वर्षांनी.