श्री. बेव्हरिज यांची लहर

इंग्लंडातील एखाद्या जुन्या सामूहिक नृत्याचा परिचय करून द्यावा, अशी संपादकांची सूचना आली आणि मी लंडनच्या रीजंट्स पार्क रोडवरील सेसिल शार्प हाउसच्या पायऱ्या चढलो. 1930 साली उघडलेल्या आणि महायुद्धात बॉम्बने भग्न होऊन 1951 साली पुन्हा नांदू लागलेल्या या वास्तूत लोकसंगीताचे ग्रंथालय आणि नाचाचा दिवाणखाना एकाच छपराखाली आहेत.

तिथे पाहिलेल्या नृत्याचे नाव 'मिस्टर बेव्हरिजेस मॅगट'. मॅगट म्हणजे अळी. परंतु सतराव्या शतकात मनाची लहर असाही त्याचा अर्थ होता. जॉन प्लेफर्ड या ग्रंथविक्रेत्याने 1651 साली कंट्री डान्सच्या चाली व कृती छापून जी परंपरा सुरू केली, तिच्या 1695 च्या आवृत्तीत, त्याचा पुत्र हेन्री याच्या कारकीर्दीत, हे नृत्य अवतरले.

मला मोह पडला तो रचनेचा. समोरासमोर दोन रांगा. दोन जोड्यांचा एक गट. पहिली जोडी परस्परांची जागा ओलांडते, शेजाऱ्याला पाठ देत त्याच्याभोवती फिरते, पुढे चौघे एका ओळीत वादकांकडे चालत जातात आणि फेरा संपतो तेव्हा पहिली जोडी एक घर खाली व दुसरी एक घर वर सरकलेली असते. तोच फेरा मग नव्या शेजाऱ्यांसह सुरू होतो. हे सरकणे ज्यांच्या हाकेवर चालते त्या वृद्ध बाईंकडे मी कितीतरी वेळ पाहत होतो. सूर संपण्याच्या किंचित आधी त्या पुढची कृती पुकारत. हाक सुरानंतर आली तर सारी रांग विस्कटते, हे भान त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभरही ढळत नव्हते.

अडचण आहे ती छापील मजकुराचीच. कोणी कुठे जावे एवढे तो सांगतो. पाऊल कसे टाकावे, याविषयी मौन पाळतो. ज्यांचे नाव या वास्तूला आहे त्या सेसिल शार्प यांनी हे मौन विसाव्या शतकाच्या प्रारंभी आपल्या अन्वयार्थाने भरले आणि त्यांचाच पाठ रूढ झाला. चाल मात्र तीन दीर्घ मात्रांच्या हॉर्नपाइप जातीची आहे, म्हणून काही अभ्यासक तिथे नुसते चालणे नव्हे, उसळते पदन्यास हवेत असे मानतात. त्यातच 1995 साली बीबीसीने जेन ऑस्टेनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या कादंबरीवरील मालिकेत एलिझाबेथ व डार्सी या नायिका-नायकांना याच नृत्यात उभे केले. कादंबरी 1813 ची, नृत्य तिच्याहून 118 वर्षांनी जुने. तरी ते संथ, गंभीर रूपच ऑस्टेनकालीन म्हणून लोकांच्या मनात ठसले. त्या प्रसंगामुळे असंख्य माणसे नाचाकडे वळली असतील, याचा मला आनंद आहे. परंतु अनेक शक्य पाठांपैकी एकालाच पडद्याने प्रमाण ठरवावे, याची चिंताही तितकीच वाटते. अलीकडे अनेक मंडळे 'पुरुष' व 'स्त्री' हे शब्द सोडून केवळ जागेवरून हाक देतात, त्यामुळे कोणीही कोणत्याही बाजूस उभे राहते. हा बदल मला रास्त वाटतो, कारण त्याने नृत्याच्या वाटेला कुठेही धक्का लागत नाही.

अदलाबदल तर या नृत्याच्या रचनेतच आहे: रांगेच्या टोकाला पोचलेली जोडी एक फेरा स्वस्थ उभी राहते, आपसांत बाजू बदलते आणि पहिली असेल तर दुसरी, दुसरी असेल तर पहिली होऊन पुन्हा रांगेत शिरते.