आपण खंय? प्रॉम्प्टला विचारा!

मालवणच्या बंदरावर होड्या बघितल्यात ना? प्रत्येकीवर नाव, नंबर, रंग. हौस असतेच, पण लांबून आपली होडी ओळखूही यायला हवी. टर्मिनलचंही तसंच आहे, दोस्तांनो!

कमांड टाइप करण्याआधी ओळीच्या सुरुवातीला जे दिसतं, तो प्रॉम्प्ट. लॅबमधल्या लिनक्सवर बहुतेक वेळा बॅश हा शेल असतो. ब्रायन फॉक्सने जीएनयू प्रकल्पासाठी लिहिलेला हा शेल १९८९ मध्ये आला. त्यात प्रॉम्प्टचा मजकूर 'पीएस१' या व्हेरिएबलमध्ये असतो. बॅकस्लॅशपुढे स्मॉल यू लिहिलंत की युजरचं नाव दिसतं, एच लिहिलंत की मशिनचं, डब्ल्यूने फोल्डरचा पत्ता आणि टीने वेळ. पीएस१, लगेच बरोबरचं चिन्ह आणि सिंगल कोट्समध्ये ही अक्षरं. एंटर मारा, झालं! फक्त बरोबरच्या चिन्हाआधी-नंतर स्पेस देऊ नका.

याचा उपयोग काय? समजा, सबमिशनची आदली रात्र आहे. दोन खिडक्या उघड्या, एक तुमच्या लॅपटॉपची, दुसरी कॉलेजच्या सर्व्हरची. जुन्या फायली उडवायला 'आरएम' कमांड दिलीत आणि ती गेली भलत्याच खिडकीत! इथे रिसायकल बिन नसतो. गेलं ते गेलं.

म्हणून रंग द्या. लॅपटॉपला हिरवा, कोड ३२. सर्व्हरला लाल, कोड ३१. रंगाचा कोड बॅकस्लॅश लावलेल्या चौकटी कंसांत ठेवायला विसरू नका. नाहीतर बॅश त्यालाही दिसणारी अक्षरं समजतो आणि लांबलचक कमांड त्याच ओळीवर परत उमटायला लागते.

बिघडेल म्हणून घाबरू नका. खिडकी बंद केलीत की जुना प्रॉम्प्ट परत येतो. आवडला, तरच ती ओळ होम फोल्डरमधल्या 'डॉट बॅशआरसी' फायलीत टाका, आधी तिची कॉपी काढून. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर 'प्रॉम्प्ट' हीच कमांड आहे. ती नुसतीच दिलीत की सगळं पूर्ववत.

इमोजी, नक्षी नंतर. आधी प्रॉम्प्टने एवढं सांगायला हवं, आपण आत्ता खंय?